रिसेप्टरचा नकाशा कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण सोलापुरात तीस वर्षे औषधांचे दुकान चालवत आहात, म्हणून रिसेप्टरवरील (औषध किंवा संप्रेरक ओळखून पेशीच्या आत संदेश पोहोचवणाऱ्या, पेशीपटलावरील प्रथिनांवरील) माझ्या लेखाला आलेली आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात हृदय व रक्तदाबासाठीचे प्रोप्रॅनोलॉल शोधले, १९७६ मध्ये जठरातील आम्ल कमी करणारे सिमेटिडीन आले, आणि तोवर एकाही रिसेप्टरची रचना कोणी पाहिली नव्हती, मग पेशीपटलावरील प्रथिनांचे नकाशे काढण्यावर एवढा खर्च कशासाठी? औषध रिसेप्टरमध्ये कुलपात किल्ली बसावी तसे बसते, ही माझी उपमाही आपल्याला चुकीची वाटते.

उपमेबद्दलचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. २०११ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रायन कोबिल्का यांच्या गटाने ॲड्रेनलिनचा बीटा-२ रिसेप्टर, संदेश पुढे नेणाऱ्या जी-प्रथिनाशी जोडलेल्या अवस्थेत टिपला, तेव्हा त्याच्या सात सर्पिलांपैकी सहावे सर्पिल पेशीच्या आतील बाजूस सुमारे १४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) बाहेर सरकलेले दिसले. असे कुलूप नसते. प्रथिनाचे स्फटिक करून त्यावरून मिळणारे चित्र हे या हालचालीतील एका क्षणाचे असते, हे मी लेखातच सांगायला हवे होते.

पहिल्या आक्षेपाबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. माझे काका अक्कलकोट रस्त्यावरील यंत्रमागावर काम करत. त्यांना दमा होता, आणि तो न विचारताच एकदा रक्तदाबासाठी त्यांना प्रोप्रॅनोलॉल दिले गेले. त्या रात्री त्यांना आडवे होता येईना. खाटेच्या काठावर दोन्ही हात टेकून ते पहाटेपर्यंत श्वास ओढत बसले होते, आणि पंपाचाही म्हणावा तसा उपयोग होत नव्हता. हृदयातील बीटा-१ रोखणारे ते औषध श्वासनलिकेतील बीटा-२ देखील अडवते, आणि पंपातील साल्ब्युटामॉलला नेमकी तीच जागा हवी असते.

हे दोन रिसेप्टर वेगळे ओळखणारे औषध करणे इतके अवघड का, याचा उलगडा रचनांनी केला. २००७ मध्ये बीटा-२ ची आणि २००८ मध्ये टर्की या पक्ष्याच्या बीटा-१ ची रचना हाती आली. ॲड्रेनलिन ज्या खोबणीत बसते, तिच्या भिंतीतील अमिनो आम्ले दोन्हींत जवळजवळ सारखीच निघाली; फरक आहे तो खोबणीच्या तोंडाशी. साल्मेटेरॉल या दम्याच्या औषधाच्या रेणूची लांब शेपटी नेमकी तिथवर पोहोचते आणि म्हणूनच ते बीटा-२ ला धरून राहते, हे २०१८ मधील रचनेत स्पष्ट दिसले. साल्मेटेरॉल त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या दुकानात आहे, हे आपण म्हणाल, आणि ते खरे आहे. पण शेपटी कशामुळे उपयोगी पडते हे कळल्याशिवाय पुढच्या रेणूत ती कुठे वळवावी, कुठे आखूड करावी, हे चाचपडतच ठरवावे लागते.

आपल्या बाजूचे एक उदाहरण मीच देतो. मॉर्फिन ज्यावर काम करते त्या म्यू-ओपिऑइड रिसेप्टरच्या रचनेवर संगणकाने तीस लाखांहून अधिक रेणू तपासून २०१६ मध्ये पीझेडएम२१ हे वेदनाशामक सुचवले गेले. ते श्वास मंदावत नाही, असे तेव्हा वाटले होते; २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत ते श्वास मंदावते असे आढळले. रेणू खोबणीत कसा बसतो एवढ्यावरून शरीरातील परिणाम सांगता येत नाही.

खर्चाचे म्हणाल, तर रिसेप्टरचे प्रथिन पेशीपटलाच्या स्निग्ध थरातून बाहेर काढताच विस्कटते. त्याचा डळमळीत भाग कापून तिथे दुसरे प्रथिन जोडावे लागले, तेव्हा कुठे बीटा-२ चे चांगले स्फटिक मिळाले. गोठवलेल्या प्रथिनांची थेट चित्रे घेणाऱ्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीमुळे आता स्फटिकांची गरज बऱ्याच अंशी उरलेली नाही, आणि आयआयटी कानपूरमध्ये अरुण शुक्ला यांचा गट आपल्याच देशात अशा रचना काढत आहे.

या रचना प्रोटीन डेटा बँक या ऑनलाइन संग्रहात सर्वांना मोफत खुल्या आहेत. आपल्या दुकानातील संगणकावर 'टूआरएचवन' (2RH1) ही नोंद उघडून पाहावी : बीटा-२ च्या खोबणीत कॅराझोलॉल हे बीटा रिसेप्टर रोखणारे औषध बसलेले दिसेल, आणि चित्र फिरवल्यावर खोबणीचे ते तोंडही दिसेल. कुलूप-किल्लीचे वाक्य मी मूळ लेखातून आजच काढले आहे.