केवढ्याला पडली?

रविवारी गाडी घरी आणली, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला (तिसऱ्या फटक्यात, असो) आणि पेढ्यांचा बॉक्स उघडतोय तोच दुसऱ्या मजल्यावरचे काका दुधाची पिशवी घेऊन हजर. एक पेढा तोंडात, एक हातात आणि प्रश्न, "केवढ्याला पडली?"

इथे खोटं बोलायचं असतं हे मला आता कळलंय. मी खरं सांगितलं. सहा साठ.

"सहा साठ?" काकांनी पेढा गिळला. "जुन्या गाडीला? अहो माझ्या साडूने..."

साडू. सेकंड हँड गाडी घेणाऱ्या प्रत्येक माणसामागे कुठेतरी एक साडू असतो, ज्याला हीच गाडी, हाच रंग, याहून कमी किमी, दीड लाख स्वस्त मिळालेली असते. तो साडू कधी कुणाला दिसत नाही.

दोन महिने घालवले हो मी या गाडीत. 2018 ची ब्रेझा, डिझेल, बासष्ट हजार रनिंग, मालक सात दहावर अडून बसलेला. सकाळी सातला जाऊन आधी बोनेटला हात लावला, कारण इंजिन गार असताना स्टार्ट कसं होतं ते बघायचं असतं. टायरवरचे चार आकडे वाचले, 4717, म्हणजे 2017 चा सत्तेचाळिसावा आठवडा, म्हणजे टायर कंपनीतूनच आलेले आणि आता बदलायचे, तिथे वीस हजार उतरवले. कर्ज फिटल्याची बँकेची एनओसी, कर्जाची नोंद काढायचा फॉर्म 35, गाडी नावावर करायचे 29, 30, सगळं झालं. एवढं करून नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल इन्शुरन्समध्ये मिळणारी सूट) मालक घेऊन गेला, कारण तो म्हणे गाडीचा नसतो, माणसाचा असतो! मग प्रीमियम तरी माणसाने भरावा ना, मी का भरतोय?

काकांना यातलं काही ऐकायचं नव्हतं. त्यांनी नातवाला वर पाठवून फ्रिजवरचा मॅग्नेट मागवला, कारण ठोकलेल्या पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली असेल तर तिथे मॅग्नेट चिकटत नाही. सिंगापूरचा. सिंहाचं तोंड, माशाची शेपटी. तो बोनेटला, खट्. दाराला, खट्. बिल्डिंगमधली सात-आठ माणसं जमलेली, बायको ताट धरून उभी. मग काका मागे गेले आणि मॅग्नेट बंपरला लावला. टप्पकन खाली.

"बघा! लांबी भरलीये. ठोकलेली आहे गाडी."

"काका, बंपर प्लॅस्टिकचा असतो."

"तेच म्हणतोय मी. ओरिजिनल काढून प्लॅस्टिकचा बसवलाय."

"अहो, सगळ्याच गाड्यांचा प्लॅस्टिकचा असतो. तुमच्या गाडीचासुद्धा."

"माझी नवीन घेतलीये," काका म्हणाले, आणि जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या!

पुढे मग मॅग्नेट चाकावरच्या काळ्या पट्टीला (प्लॅस्टिक), आरशाला (प्लॅस्टिक), नंबर प्लेटला (ॲल्युमिनियम) असा सगळीकडून पडत गेला आणि दरवेळी कुणीतरी "अरेरे" म्हणत होतं. मध्येच "डिझेल दहा वर्षांनी भंगारात" हेही झालं. ते दिल्लीत, काका! आपल्याकडे पंधरा वर्षांनी फिटनेस करून रजिस्ट्रेशन रिन्यू होतं. पण तोवर एक जण म्हणाला की 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी 28 चा 18 झालाय, थोडे घातले असते तर नवीनच आली असती. थोडे म्हणजे तीन-चार लाख. हे "थोडे" लोक दुसऱ्याच्या खिशातले किती सहज घालतात.

आणि खरा राग याचा की रात्री जेवताना बायको हळूच म्हणाली, "बंपरचं एकदा विचारून घेशील का मेकॅनिकला?"

या गडबडीत सिंगापूरचा सिंह बोनेटवरच राहिला. काकांनी काल लिफ्टमध्ये विचारलं, दिसला का म्हणून. मी नाही म्हणालो. तो आता आमच्या फ्रिजवर आहे. यापुढे कुणी विचारलं तर सांगणार, सहा साठ, मॅग्नेटसकट.