‘अस्सल लोखंडाची’ गाडी आणि मामांचा गार्ड

गेल्या रविवारी ठाण्याच्या नौपाड्यात मामांकडे गेलो, तर खाली उभ्या असलेल्या त्यांच्या नव्या कोऱ्या गाडीच्या तोंडाला जाडजूड स्टीलचा गार्ड. “आता ये म्हणावं ठोकायला,” मामा म्हणाले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. तोच मेसेज. वर उंच पंखांची गुलाबी अमेरिकी कॅडिलॅक, खाली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी आणि मजकूर असा: जुन्या गाड्या अस्सल लोखंडाच्या, धडक बसली तरी आतल्या माणसाला काही होत नसे, आजच्या गाड्या म्हणजे प्लास्टिकचे डबे, बोट लावलं की चेपतात. तेव्हा गाडी कलाकार घडवायचे, प्रत्येकीचा तोंडवळा वेगळा. आज कॉम्प्युटर घडवतो, सगळ्या एका साच्यातल्या.

हा मेसेज आमच्या नात्यातल्या तीन ग्रुपांवर फिरला तेव्हा मी काही बोललो नाही. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाने तो वाचून पदरचे पैसे घालून गार्ड बसवून घेतला, म्हणजे आता बोललंच पाहिजे.

आधी लोखंडाचं बघू. अमेरिकेत विमा कंपन्यांनी चालवलेली आयआयएचएस नावाची रस्ता-सुरक्षा संस्था आहे. २००९ मध्ये तिला पन्नास वर्षं झाली, तेव्हा तिने १९५९ ची शेव्हरोलेट बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोलेट मालिबू या दोन गाड्या समोरासमोर आदळवल्या. ताशी ६४ किलोमीटर वेग, ड्रायव्हरच्या बाजूने. त्याचा व्हिडिओ कोणालाही बघता येतो, मामांनाही मी तिथेच बसून दाखवला. बेल एअर म्हणजे मेसेजमधल्या वर्णनाचीच गाडी: लांबलचक, क्रोमने मढलेली, मागे पंख पसरलेले. धडकेत तिचं दार दुमडतं, छत वाकतं, डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग ड्रायव्हरच्या जागी बसवलेल्या पुतळ्यावर चाल करून येतात. माणूस असता तर जागीच गेला असता. मालिबूचं नाक पार चेंदामेंदा होतं, पण माणसं बसतात तो भाग जसाच्या तसा राहतो. तिच्या पुतळ्याच्या पायाला इजा झाली, तीही थोडी.

‘चेपते’ म्हणून ज्या गाडीला नावं ठेवताय, तिचं चेपणं हेच काम आहे! नाक चुरगळतं तेव्हा धडकेचा जोर त्या चुरगळण्यात खर्च होतो आणि आतल्या माणसाला थांबायला थोडा जास्त अवधी मिळतो. नाक ताठ राहिलं तर तो जोर जाणार कुठे? छातीवर. पद्मिनीचं वजन नऊशे किलोच्या आसपास, आजची टाटा नेक्सॉन बाराशेच्या पुढे. तेव्हा ‘जास्त लोखंड’ हेही खरं नाही.

मला हे सांगायला व्हिडिओचीसुद्धा गरज नाही. मामांची १९६९ ची फियाट, म्हणजे पद्मिनीचंच आधीचं रूप. पुढे सलग सीट, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, मी सात वर्षांचा, मामा आणि आजीच्या मध्ये बसलेला. गायमुखला निघालो होतो. कापूरबावडीच्या पुढे बैल आडवा आला, मामांनी ब्रेक दाबला. धडक नाही, काही नाही, वेगही बेताचा. पण माझी हनुवटी डॅशबोर्डच्या पत्र्याच्या कडेवर आपटली. तीन टाके. आजीचं पांढरं लुगडं रक्ताने भिजलं होतं. पट्टा नव्हताच, कोणाला लावणार?

आणि आता तो गार्ड. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध असल्याचं कळवलं आहे. तो सांगाड्याला बोल्टने आवळलेला असतो, त्यामुळे चेपायच्या भागाला त्याचं काम नीट करता येत नाही आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही बिघडू शकतं. रस्ता ओलांडणाऱ्याला तर तो लोखंडी दांडाच. घोडबंदर रोडवर सिग्नल सुटायच्या आत पळत जाणारी माणसं किती असतात, हे ठाण्यात कोणाला सांगायला हवं का? बसवून देणाऱ्या दुकानदाराने यातलं अक्षरही मामांना सांगितलं नाही.

‘सगळ्या सारख्या’ हे मात्र मला थोडं मान्य करावं लागतं. चार मीटरच्या आत लांबी आणि इंजिन लहान, तर कर कमी, असा नियम २००६ च्या अर्थसंकल्पापासून आला आणि तेव्हापासून कंपन्यांनी कितीतरी गाड्यांच्या शेपट्या छाटल्या. काही खरोखर कुरूप दिसतात. बटणं काढून सगळं स्क्रीनवर नेलं, हेही मला पटत नाही. पण मामा, तुमच्या तरुणपणी ठाण्याच्या रस्त्यावर किती तऱ्हेच्या गाड्या होत्या? फियाट, अ‍ॅम्बेसेडर, एखादी हेरल्ड. संपली यादी. त्यातली फियाट मुळात इटलीची, इतर दोन्ही इंग्लंडच्या. अ‍ॅम्बेसेडर तर १९५० च्या दशकातला चेहरा घेऊन २०१४ पर्यंत निघत राहिली.

कलाकार आणि कॉम्प्युटरचं थोडक्यात सांगतो. आजही नव्या गाडीचं पूर्ण मापाचं मातीचं मॉडेल माणसं हाताने घडवतात. कॅडिलॅकचे ते पंख जनरल मोटर्सच्या हार्ली अर्ल यांच्या विभागाचे, एका लढाऊ विमानावरून सुचलेले, १९४८ पासूनचे. १९५९ मध्ये ते सर्वांत उंच झाले. सुंदरच आहेत, मलाही आवडतात. पण त्याच १९५९ मध्ये मर्सिडीझने मागे छोटे पंख असलेली एक गाडी आणली. पुढचं-मागचं टोक चेपणारं आणि मधली केबिन भक्कम, ही बेला बरेन्यी यांची कल्पना त्या गाडीत पहिल्यांदा विक्रीला आली. आणि त्याच वर्षी व्होल्वोच्या निल्स बोलिन यांचा तीन टोकांचा सीटचा पट्टा गाडीत बसला. म्हणजे देखणेपण सोडा आणि सुरक्षा घ्या, असं तेव्हाही कोणी म्हणत नव्हतं.

मामा, येत्या रविवारी सकाळी पाने घेऊन येतो. गार्डचे बोल्ट दोघं मिळून काढू. मग फियाटवरचं कापड बाजूला करून तिच्या बंपरला ब्रासो लावू, मागच्या दिव्यांवरच्या त्या छोट्या पंखांपर्यंत.