नाताळचं गाणं पाडण्याची सोपी पद्धत

डिसेंबरात लंडनला दुपारी चारलाच अंधार पडतो. पुढच्या सोळा तासांचं काय करायचं, या प्रश्नावर इंग्रजांनी बरीच उत्तरं शोधली आहेत. पब हे त्यातलं जुनं, आणि ख्रिसमसचा नंबर वन हे त्या मानानं नवं. नाताळच्या आठवड्यात देशाच्या विक्रीयादीत पहिलं गाणं कुठलं असेल यावर तिथे पैजा लागतात, वर्तमानपत्रं रकाने भरतात, आणि एरवी शेजाऱ्याशी हवामानापलीकडे न बोलणारी माणसं एकमेकांना गाणं विकत घ्यायला सांगत सुटतात. तुम्ही तिकडे शिकायला, नोकरीला किंवा लेकीच्या बाळंतपणाला जाणार असाल, तर आज ना उद्या तुम्हालाही या उद्योगात ओढतील. तेव्हा भांबावून जाऊ नये म्हणून चार अनुभवाचे बोल सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट, गाणं चांगलं असण्याची गरज नाही. ही यादी न्यू म्युझिकल एक्सप्रेस या साप्ताहिकानं नोव्हेंबर १९५२ मध्ये सुरू केली. वीसेक दुकानांना फोन लावायचा, काय खपतंय ते विचारायचं, बेरीज करून छापायचं, इतका साधा मामला होता. नाताळची म्हणून वेगळी चुरस लागली ती १९७३ मध्ये. स्लेड आणि विझर्ड हे दोन झगमगीत कपड्यांतले बँड एकाच डिसेंबरात नाताळची गाणी घेऊन उतरले. स्लेड जिंकले, विझर्ड चौथे आले, आणि तेव्हापासून दोन्ही गाणी दर डिसेंबरात सुपरमार्केटांत वाजताहेत. म्हणजे हरलं कोण, ते रांगेत उभ्या गिऱ्हाइकालाच विचारावं. नंतरच्या विजेत्यांत आजीचं कौतुक गाणारी शाळकरी मुलं आहेत (१९८०), गुलाबी अंगावर पिवळे ठिपके मिरवणारं मिस्टर ब्लॉबी नावाचं टीव्हीवरचं ध्यान आहे (१९९३), आणि बॉब द बिल्डर हा कार्टूनमधला बांधकामवाला आहे (२०००). तेव्हा ‘माझा आवाज बरा नाही हो’ ही सबब चालणार नाही.

मधूनच एखादं खरोखर मोठं गाणंही पहिलं येतं. तो अपघात समजावा. क्वीन या बँडचं ‘बोहेमियन रॅप्सडी’ १९७५ च्या ख्रिसमसला पहिलं होतं, आणि फ्रेडी मर्क्युरी गेल्यावर १९९१ च्या ख्रिसमसला पुन्हा. फ्रेडी म्हणजे फारोख बुलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचा विद्यार्थी. ही माहिती तिथल्या पार्टीत एकदा तरी सोडून द्यावी. सातारा जिल्ह्याची मान उंचावते आणि पुढचा अर्धा तास संगीतातलं आपलं अज्ञान झाकलं जातं.

आता मुख्य सामग्री. आपल्याकडे मंडळाला मूर्ती लागते, तिथे मोहिमेला शत्रू लागतो. शत्रू श्रीमंत हवा, टीव्हीवर सारखा दिसायला हवा, आणि शक्यतो त्याची पँट जरुरीपेक्षा वर खोचलेली हवी. सायमन कॉवेल या गृहस्थांनी एका अख्ख्या पिढीची ही सोय केली. त्यांच्या ‘एक्स फॅक्टर’ या गाण्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी बरोबर डिसेंबरच्या मध्याला यायची. विजेत्याचं गाणं आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं असायचं. नाव पुकारलं की लगोलग बाजारात. २००५ ते २००८ असे सलग चार नाताळ त्यांच्या विजेत्यांनी नेले. ज्या शर्यतीत पहिला घोडा आधीच ठाऊक आहे तिच्यावर पैसा कोण लावणार? बुकीसुद्धा दुसरा कोण येणार यावर भाव द्यायला लागले.

यातली २००८ ची गोष्ट होतकरू मोहीमवाल्यानं पाठच करावी. त्या वर्षीच्या विजेत्या अलेक्झांड्रा बर्कनं लेनर्ड कोहेन यांचं ‘हालेलुया’ गायलं. हे गाणं जेफ बकली या दिवंगत गायकानं फार हळवं करून ठेवलेलं. त्याचे चाहते खवळले आणि धडा शिकवायचा म्हणून त्यांनी बकलीचं ‘हालेलुया’ विकत घेण्याची मोहीम काढली. निकाल असा: पहिली बर्क, दुसरा बकली, आणि ३६ व्या जागेवर खुद्द कोहेन. तिन्ही ध्वनिमुद्रणं सोनी या एकाच कंपनीच्या घरातली. सोनीच्या हिशेबनिसानं त्या आठवड्यात निषेधाची किती वाट पाहिली असेल! आपला राग कुणाच्या गल्ल्यात जातोय हे मोहीमवाल्यानं कधी विचारू नये. उत्साहावर परिणाम होतो.

विचारलं नाही की काय होतं ते २००९ मध्ये दिसलं. एसेक्समधल्या जॉन आणि ट्रेसी मॉर्टर या जोडप्यानं फेसबुकवर हाक दिली: यंदा कॉवेलचा माणूस पाडायचा. पाडायला निवडलं ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ या अमेरिकन बँडचं ‘किलिंग इन द नेम’. १९९२ चं गाणं, विषय पोलिसांचा वर्णद्वेष, आणि शेवटी गायक ‘तू सांगशील ते मी करणार नाही’ हे एकच वाक्य शिवीसकट पुन्हा पुन्हा ओरडतो. पाळण्यातल्या बाळासमोर लावण्यासारखं नव्हे. तर सांगितलेलं न करण्याबद्दलचं हे गाणं पाच लाखांवर लोकांनी सांगितल्याबरहुकूम, सांगितलेल्या आठवड्यात विकत घेतलं. एक्स फॅक्टरचा त्या वर्षीचा विजेता, जो मॅकएल्डरी नावाचा अठरा वर्षांचा हसरा पोरगा, सुमारे ५० हजारांनी मागे पडला.

ही विक्री चालू असतानाच बीबीसीच्या रेडिओ फाइव्ह लाइव्हनं बँडला सकाळच्या कार्यक्रमात गायला बोलावलं आणि विनंती केली, शिवी तेवढी गाळा. बँडनं सुरुवातीला गाळली. मग गाणं कशाबद्दल आहे ते त्यांना आठवलं असावं. बीबीसीला घाईघाईनं आवाज बंद करून श्रोत्यांची क्षमा मागावी लागली. त्या विनंतीचा मसुदा कुणी केला ते कळलं नाही, पण त्यानं गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं हे नक्की.

खोटं कशाला बोलू, मीही घेतलं होतं. हॅरोमधल्या भाड्याच्या खोलीत, रात्री साडेअकराला, हीटरवर मोजे वाळत घालून मी बहुराष्ट्रीय भांडवलशाहीला एका पौंडाच्या आतबाहेर जबर तडाखा दिला आणि समाधानानं झोपलो. रेजचं लेबल सोनीचं, आणि कॉवेलचं लेबलही सोनीबरोबरच, हे मला दोन दिवसांनी ऑफिसातल्या एका मुलीनं सांगितलं. तिनं काहीच विकत घेतलं नव्हतं. अशा माणसांपासून मोहीमवाल्यानं चार हात लांब राहावं. तरी न्यायानं सांगायचं तर वाया काही गेलं नाही. बेघरांसाठी काम करणाऱ्या शेल्टर या संस्थेला लोकांनी त्याच निमित्तानं देणग्या दिल्या, बँडनं पुढच्या जूनमध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कात फुकट कार्यक्रम केला, आणि मॅकएल्डरीसुद्धा पुढच्याच आठवड्यात पहिला आला. इतकंच, की तोवर बघणारे घरी गेले होते.

एकदा जमलं की माणूस काय करतो? पुढच्या वर्षी प्रत्येक जण आपली वेगळी पार्टी काढतो. २०१० मध्ये कॉवेलच्या विरोधात एकास एक लढत देण्याऐवजी चहूबाजूंनी बंडखोर उभे राहिले. कुणी १९६३ चं ‘सर्फिन बर्ड’ घेऊन आलं. ते तिसरं आलं. यंदाच्या विजेत्यानं म्हटलेलं गाणं मुळात बिफी क्लायरो या बँडचं आहे, तर तेच घ्या, असं सांगत आणखी एक गट फिरला. ते आठवं आलं. अपक्षांनी मतं खाल्ली, अधिकृत उमेदवार मॅट कार्डल आरामात निवडून आला. मराठी वाचकाला यापुढे समजावण्याची गरज नसावी.

पण या बंडखोरांतला एक मला अजून आवडतो. त्यांनी जॉन केज यांची ‘चार मिनिटं तेहतीस सेकंद’ ही रचना उभी केली. या रचनेत वादकानं चार मिनिटं तेहतीस सेकंद काहीही वाजवायचं नसतं. लंडनच्या सोहो भागातल्या स्टुडिओत बरेच नामवंत गायक-वादक जमले, माइक लावले, आणि सगळे गप्प बसले. मोहिमेचं नाव ‘केज अगेन्स्ट द मशीन’. मिळणाऱ्या पैशांतला वाटा कानात सतत आवाज येण्याचा विकार असलेल्यांच्या संस्थेलाही होता, म्हणजे विनोदाचा किती खोल विचार केला होता बघा. केज यांची ही रचना पहिल्यांदा सादर झाली ऑगस्ट १९५२ मध्ये, ब्रिटनची विक्रीयादी सुरू होण्याच्या जेमतेम तीन महिने आधी. गाणी मोजायला सुरुवात होणार हे त्यांच्या कानावर आलं असेल की काय कोण जाणे. शांतता २१ व्या नंबरपर्यंत पोचली.

शत्रू मिळाला नाही तर धर्मादाय धरावा. कारण वर्गणीची पावती फाडली की गाण्याला नावं ठेवता येत नाहीत. ठेवलीत तर तुम्ही उपाशी मुलांच्या विरोधात. हा शोध १९८४ चा. इथियोपियातल्या दुष्काळाच्या बातम्या पाहून बॉब गेल्डॉफ आणि मिज युअर यांनी तेव्हाचे झाडून सगळे गायक एका रविवारी गोळा केले आणि ‘बँड एड’चं गाणं आठवड्याभरात दुकानांत आणलं. ते पहिलं आलं. व्हॅम या जोडगोळीचं ‘लास्ट ख्रिसमस’ दुसरं. जॉर्ज मायकल दोन्हींत गायला होता, म्हणजे स्वतःच स्वतःकडून हरला, आणि वर ‘लास्ट ख्रिसमस’चं मानधनही इथियोपियाला देऊन बसला. हे गाणं नाताळला पहिलं यायला २०२३ उजाडलं. तोवर जॉर्जला जाऊन सात वर्षं होत आली होती. गेलाही ऐन पंचवीस डिसेंबरलाच.

एक अपवाद मात्र बाजूला काढून ठेवतो. १९८९ मध्ये शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे प्रेक्षक मेले आणि दोष त्यांच्याच माथी मारला गेला. त्यांच्या घरच्यांनी तेवीस वर्षं न्यायालयांचे उंबरे झिजवले. २०१२ च्या नाताळला त्यांच्या खटल्याच्या खर्चासाठी काढलेलं गाणं पहिलं आलं. तिथे माझी जीभ चालत नाही.

आता रीतसर गणित, कारण भावनेवर यादी चालत नाही. आठवडा शुक्रवारी सुरू होतो आणि गुरुवारी मध्यरात्री संपतो. नेटवर फुकट ऐकणाऱ्यानं सहाशे वेळा गाणं ऐकलं तर एक विक्री धरतात. पैसे भरून ऐकणाऱ्याचं शंभर वेळात भागतं. गाणं फार जुनं असेल तर हाच आकडा दुप्पट. म्हणून नातेवाइकांना ‘ऐका’ म्हणू नका, ‘विकत घ्या’ म्हणा. आत्याबाईंनी एकदा घेतलं की सहाशे वेळा ऐकण्याच्या यातनेतून सुटतात. खरं तर एकदाही ऐकावं लागत नाही.

हे गणित ज्यांनी सगळ्यात नीट मांडलं ते नॉटिंगहॅमचे लॅडबेबी, म्हणजे मार्क आणि रॉक्सॅन हॉइल हे नवराबायको. २०१८ ते २०२२ सलग पाच नाताळ त्यांचे. असा पराक्रम बीटल्सनाही जमला नव्हता. त्यांचे एकूण चार. विषय पाचही वर्षं एकच, सॉसेज रोल. आपल्या बेकरीतल्या पॅटिसचा लांबोडका, मांसाहारी भाऊ म्हणा. जुनी गाणी घ्यायची, मधले शब्द काढून तिथे सॉसेज रोल भरायचा, पैसे ट्रसल ट्रस्टला. हा ट्रस्ट ब्रिटनभर अन्नछत्रांसारखी केंद्रं चालवतो. घरात शिधा संपला की लोक तिथून पिशवी घेऊन जातात. पाचव्या वर्षी त्यांनी कुठलं गाणं घेतलं? बँड एडचं. अडतीस वर्षांपूर्वी इथियोपियाच्या भुकेसाठी बांधलेली चाल, ब्रिटनच्या भुकेसाठी तशीच्या तशी कामी आली. लोकांनी हसत हसत विकत घेतली, कारण मध्ये सॉसेज रोल होता. नवी चालही लावावी लागली नाही, केवढी बचत!

अन्नछत्रं का लागतात असं विचारणारीही गाणी असतात. २०२० मध्ये तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना उद्देशून एका बँडनं गाणं काढलं. शीर्षकातच अशी शिवी की इथे छापली तर संपादक मला त्यातलीच देतील. ते पाचवं आलं. पुढच्या वर्षी त्याच शिवीची नवी आवृत्ती, पुन्हा पाचवी. सॉसेज रोल दोन्ही वेळा पहिला. तेव्हा सत्ताधाऱ्यांना शिव्या द्यायच्याच असतील तर पाचव्या नंबरची तयारी ठेवावी, आणि पहिला हवा असेल तर खाण्याबद्दल बोलावं, कोण उपाशी का आहे याबद्दल नको.

आणि जिंकलात तरी सत्काराची शाल घडी मोडून ठेवू नका. लॅडबेबींचं २०२० चं गाणं पहिल्यावरून पुढच्याच आठवड्यात ७८ व्या नंबरवर गेलं. सव्वीस डिसेंबरला तिथे गाण्याचं जे होतं ते अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मंडपाच्या बांबूंचं होतं.

मी घेतलेलं ‘किलिंग इन द नेम’ जुन्या लॅपटॉपबरोबर भंगारात गेलं. पूर्ण कधी ऐकलंच नाही. केज यांच्या शांततेला मात्र मी तेव्हा एक पेनीही दिली नव्हती. काहीच न वाजणाऱ्या गाण्याला कोण पैसे देतं, असं वाटलं होतं. आता पुण्यात राहतो. डिसेंबर म्हणजे लग्नसराई. खिडकीखाली वरात थांबली आहे, डीजेच्या दणक्यानं कपाटाच्या काचा थरथरताहेत, आणि ते गाणं २१ व्या नंबरवर अडकल्याची रुखरुख मला एवढ्या वर्षांनी लागली आहे.