मे महिना, टाकीचं पाणी आणि लोकर

मे महिन्यात लोकर घेऊन बसलेल्या बाईकडे नागपूरकर कसे पाहतात, ते मला आता पाठ झालं आहे. आधी लोकरीकडे, मग कूलरकडे, मग माझ्याकडे. शेजारच्या काकू तर तोंडावरच विचारतात, "काऊन वो, उन्हानं डोस्कं फिरलं काय तुमचं?" नातेवाइकांचं म्हणणं जरा सभ्य असतं. "छान आहे गं, पण नागपुरात लोकरीचं काय काम?"

तर आज सांगूनच टाकते. फेल्टिंगसाठी नागपूरच्या मे महिन्याइतका सोयीचा मोसम मला तरी ठाऊक नाही. थंड हवेच्या ठिकाणच्या लोकांनी लोकर पांघरावी. तिच्यावर काम करायला इकडे यावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फेल्टिंगमध्ये लोकर कातत नाहीत, विणत नाहीत, नुसती चोळून-दाबून तिचं जाड कापड किंवा वस्तू करतात. मेंढीच्या लोकरीच्या प्रत्येक तंतूवर डोळ्यांना न दिसणारे खवले असतात. गरम पाणी आणि साबण लागला की ते उचलले जातात, आणि चोळत राहिलं की तंतू एकमेकांत सरकतात, अडकतात, ते पुन्हा सुटत नाहीत. आजोबांचा खरा लोकरी स्वेटर वॉशिंग मशीनमध्ये गेला आणि नातवाच्या मापाचा होऊन बाहेर आला, असं ज्या घरात घडलंय त्या घरात फेल्टिंग झालेलं आहे. मुद्दाम नसेल केलं, एवढंच.

आता यातलं काय कमी आहे आपल्याकडे? दुपारी दोन वाजता गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ सोडा. हात पोळतो. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता. तेवढा नाही गेला तरी ४४-४५ आपल्याला बहुतेक वर्षी असतोच. गिझर लावायचं कामच नाही. आणि वाळवणं! हिवाळ्यात जाडसर तुकडा दोन-दोन दिवस ओला राहतो आणि घरभर ओल्या मेंढीचा वास. घरातले काही बोलत नाहीत, पण खिडक्या उघडतात. मे महिन्यात तोच तुकडा गच्चीच्या जिन्यात ठेवला की तासाभरात कडक. रंगीत असेल तर सावलीतच ठेवा, आपलं ऊन रंग खातं.

एक सूचना मात्र गांभीर्याने घ्या. पाणी नळाचं वापरा, बोअरचं नको. आमच्या भागातलं बोअरचं पाणी इतकं जड आहे की साबणाला फेस येत नाही, पांढरी साय तेवढी धरते आणि ती लोकरीत बसते. साबण म्हणाल तर साधी कपड्यांची वडी किसून घ्या. शेवटच्या धुण्याला पाण्यात चमचाभर व्हिनेगर घाला, म्हणजे साबणाचा अंश मरतो आणि लोकर चरचरीत होत नाही.

कप ठेवायची साधी चकती करायची तरी मन लावावं लागतं. लोकरीची बोटभर पातळ बट ओढायची, आडवी मांडायची. तिच्या शेजारी दुसरी, तिसरी. त्यावर उभा थर. पुन्हा आडवा. वरून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा, त्यावर साबणाचं गरम पाणी शिंपडायचं आणि तळहातानं दाबायचं. सुरुवातीला अगदी हळू, कारण तंतू अजून कुणाचे कुणी नसतात. जोर लावला की सगळं सरकून मध्ये भोक पडतं. दहा-पंधरा मिनिटांनी मच्छरदाणी उचलायची आणि चिमटीनं वरचा थर धरून पाहायचा. एकेक तंतू वर आला तर अजून वेळ आहे. अख्खा थर एकदम उचलला गेला की जमलं. तो क्षण मला दर वेळी नवा वाटतो. मग बांबूच्या चटईत गुंडाळून लाटत बसायचं. चकती डोळ्यांदेखत आक्रसते, जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं लहान होते, आणि मऊ धुरकट लोकरीची घट्ट, वजनदार वस्तू हातात येते.

सुईच्या फेल्टिंगची गोष्ट वेगळी. तिथे नागपूर आडवं येतं, हे कबूल. या सुईला खाली बारीक खाचा असतात. लोकरीत खुपसली की त्या वरचे तंतू आत ढकलतात, आणि हजारदा खुपसलं की गोळ्याला आकार येतो. यात पाणी नाही, साबण नाही. पण वारा चालत नाही. कूलर लावला की लोकर उडते, बंद केला की आपण उडतो. एकदा पांढऱ्या लोकरीचा पुंजका थेट वरणाच्या पातेल्यात उतरला होता. तेव्हापासून आमचं वेळापत्रक ठरलं आहे. सुईकाम पहाटे ओसरीवर, ओलं काम दुपारी.

आम्ही पाच-सात जणी आणि एक काका महिन्यातून एखाद्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो. काका रेल्वेतून निवृत्त झालेले. ते फक्त पक्षी करतात. सध्या हरियाल चालू आहे. आपला राज्यपक्षी, पण किती जणांनी नीट पाहिलाय? त्याचे पाय पिवळे असतात. काका तारेवर पिवळी लोकर गुंडाळत दोन-दोन तास बसतात आणि मध्येच म्हणतात, "हिरवा जमला ना बाप्पा, हा राखाडी नाही जमून राह्यला." एखाद्या वेळी सगळ्यांचं बोलणं थांबतं आणि पाच-सहा सुयांचा नुसता खस्-खस् आवाज येत राहतो. तर्री-पोहे गार होतात. काकांच्या सुना म्हणे फार खूश आहेत, काका आता बातम्यांवर भांडत नाहीत.

मी स्वतः संत्री करते. हसू नका. नागपूरची बाई संत्रं करणार नाही तर काय सफरचंद करणार? पण बहुतेक जण भगव्या लोकरीचा गुळगुळीत चेंडू करतात, वर हिरवं पान चिकटवतात आणि म्हणतात झालं संत्रं. ते कुठलंही संत्रं झालं, नागपूरचं नाही. आपल्या आंबिया बहराच्या संत्र्याला देठाजवळ थोडी मान असते, साल सैल असते, आणि भगव्यात हिरवट-पिवळं मिसळलेलं असतं. मी भगव्यावर पिवळ्याची इतकी पातळ बट लावते की खालचा रंग दिसत राहावा, आणि हिरवा फक्त खांद्यावर. आणि गंमत बघा, सुईकामात पृष्ठभागावर बारीक खड्डे राहतात, ते घालवण्यात शिकणाऱ्याचा जीव जातो. संत्र्याला मी तेच मुद्दाम ठेवते. बारीक सुई जरा तिरकी धरून सालीवरचे ठिपके टोचत जायचे. तिरकी फार नको, सुई मोडते, आणि मोडलेलं टोक आत राहिलं तर ते लहान मुलांच्या हातात द्यायची वस्तू उरत नाही. या वर्षी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी नंदीच्या सणाला, भाच्याच्या मुलीसाठी लोकरीचा नंदी करायचा विचार आहे. चाकं लाकडी, झूल लोकरीची. सुई मोडू देणार नाही.

आता जरा तक्रार. बाजारात "लोकर" म्हणून जे विकतात ते बहुतेक ॲक्रिलिक असतं. विणायला उत्तम, किंमत कमी, रंग भरपूर, माझं भांडण नाही. पण त्याच्या तंतूवर खवलेच नाहीत, तर ते जिरणार, म्हणजे एकमेकांत अडकून घट्ट होणार कसं? एका दुकानात मला छातीठोकपणे "शंभर टक्के प्युअर" म्हणून दिलं, घरी आणून अख्खी दुपार चोळलं, ते जसंच्या तसं. तेव्हापासून पर्समध्ये काडेपेटी असते. एक धागा जाळायचा. खरी लोकर जळलेल्या केसासारखा वास देते, ज्योत काढली की विझते आणि राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला कडक काळी गुठळी धरतं. दुकानदार नाक मुरडतात. मुरडू देत.

आणि तो दुसरा प्रश्न: "विकता का?" नाही विकत. तुम्ही सकाळी फुटाळा तलावावर फिरायला जाता, त्याचे पैसे मिळतात का?

मला खरं बोलायचंय ते खऱ्या लोकरीबद्दल. आम्ही सगळे मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर मागवतो. तलम, पांढरी, रंगवलेली, बाहेरून आलेली, महाग. चेहरे आणि पक्षी करायला तीच लागते, मान्य. पण पिकं निघाल्यावर उमरेडकडे, वर्ध्याकडे शेतांत मेंढ्यांचे कळप बसतात, उंटांवर संसार लादून रबारी मेंढपाळ फिरत असतात, आणि शेतकऱ्याला हवं असतं लेंडीखत, व्यापाऱ्याला मटण. लोकरीला कुणी विचारत नाही. मेंढी कातरायची तर असतेच, मग ती लोकर मातीमोल जाते. आपल्याकडची जाडसर काळी लोकर टोचते म्हणून तिला नावं ठेवतो. अहो, ती अंगात घालायची थोडीच आहे! गाभ्यासाठी, आसनासाठी, चकतीसाठी, पिशवीसाठी जाड लोकरच चांगली. याच महाराष्ट्रात धनगरांच्या लोकरीच्या घोंगड्या विणत आले आहेत आणि न विणता, लोकर जिरवून बुरणूस नावाचं जाड पांघरूणही करत आले आहेत. आपण व्हिडिओ बघून जे शिकलो ते इथे होतंच.

कच्ची लोकर धुणं किचकट आहे, हे खरं. गोखरू, लेंड्या, माती आणि वर मेंढीचं मेण. ते मेण साधारण ४० अंशांच्या पुढे वितळतं, म्हणजे पुन्हा आपली काळी टाकी आलीच कामाला. पोत्यातली लोकर जाळीच्या पिशवीत भरायची, गरम पाण्यात बुडवून ठेवायची, हलवायची नाही, पिळायची नाही, गरमातून एकदम गारात टाकायची नाही, नाहीतर तिथेच तिचा गोळा होतो. वाळली की कुत्र्याचे केस विंचरायचा ब्रश घ्या, पिंजायला तो छान चालतो. आणि त्या मेणानं हात दिवसभर मऊ राहतात, क्रीम लावायची गरज नाही.

तर विनंती अशी. उमरेड, हिंगणा, कुही, बुटीबोरी भागात कुणाच्या शेतात कळप बसला असेल आणि कातरणी ठरली असेल, तर इथे कमेंटमध्ये गाव लिहा. पोती आम्ही आणू, पैसेही मेंढपाळालाच देऊ. काका गाडी काढायला तयार आहेत, फक्त दुपारचं निघायचं नाही म्हणतात.