मोझार्ट फुकट वाजवत नव्हता

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दिवाळी पहाटेवरून यंदा जुंपली आहे. गायिका तरुण, गुणी. तिने मानधनाचा आकडा आधीच सांगितला, तबला-पेटीवाल्यांचं वेगळं मागितलं आणि निम्मी रक्कम आगाऊ हवी म्हणाली. झालं! आमचा मामा कमिटीवर. त्याने घरच्या ग्रुपवर लिहिलं, ‘हल्लीच्या मुलांना कला म्हणजे धंदा वाटतो. खरा कलावंत पैशाचं बोलत नाही. मोझार्ट उपाशी मेला, भिकाऱ्यासारखा पुरला गेला, पण विकला गेला नाही.’ खाली हात जोडलेल्यांची रांग. आणि मग मला उद्देशून, ‘तू व्हिएन्नात राहतेस, तुला तर माहीतच असेल.’

माहीत आहे, म्हणूनच तर डोकं फिरलं.

स्टेफान्सप्लात्झला उतरून क्लासकडे चालत जाताना डोमगासे नावाची गल्ली लागते. तिथल्या घरात मोझार्ट १७८४ पासून अडीच वर्षं राहिला, ‘फिगारो’ हा ऑपेरा तिथेच लिहिला. भाडं वर्षाला ४६० गुल्डन, म्हणजे साल्झबुर्गमध्ये त्याच्या वडिलांना जवळपास जेवढा वर्षाचा पगार होता तेवढं. उपाशी माणसाचं घर नव्हे ते. ते भाडं तो कशातून भरायचा? शिकवण्यांतून आणि मैफलींतून. त्याच वर्षीच्या वसंतात त्याने स्वतःच्या मैफलींची मालिका लावली, आधी वर्गणी गोळा केली आणि पावणेदोनशेच्या आसपास वर्गणीदारांची यादी मोठ्या अभिमानाने वडिलांना पाठवली. वर्गणी आधी, वाजवणं नंतर. मामा, याला आगाऊ म्हणतात.

त्याच्या तीनच वर्षं आधी हा माणूस साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या पदरी होता. जेवणाच्या टेबलावर त्याला हुजऱ्यांच्या खाली आणि आचाऱ्यांच्या वर बसवत. नोकरी सोडायला गेला तर दरबारातल्या काउंटने कुल्ल्यावर लाथ मारून बाहेर काढलं. हे सगळं त्याने स्वतः घरी पत्रांतून कळवलंय. पुढे हात आखडले तेही खरं. १७८८ मध्ये तुर्कांशी युद्ध सुरू झालं, सरदार मंडळी शहराबाहेर गेली, मैफलींचं पीक आटलं, आणि पुखबेर्ग नावाच्या व्यापारी मित्राला उसनवारीची पत्रं जाऊ लागली. ती पत्रं वाचवत नाहीत. पण त्यात ‘मी विकला जाणार नाही’ असं कुठेही नाही. काम मिळेल, मैफली होतील, मग फेडतो, एवढंच आहे. राहिलं पुरणं. सांक्ट मार्क्सच्या दफनभूमीत त्याला साध्या थडग्यात पुरलं, कारण सम्राट योसेफने घालून दिलेल्या रीतीप्रमाणे मध्यमवर्गाला तसंच पुरत. दफनाचा दिखाऊ खर्च त्या सरकारला नको होता.

एकट्या मोझार्टचंच असं नाही. संगीतकार हायडनचा १७६१ चा एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या दरबाराशी झालेला करार वाचा. पांढरे मोजे, पावडर, गणवेश, रोज दोनदा हजेरी लावून ‘आज वाजवायचं का’ विचारायचं, आणि राजेसाहेबांच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कोणासाठी एक ओळ रचायची नाही. ही अट १७७९ च्या नव्या करारात गेली तेव्हा कुठे तो मोकळेपणाने प्रकाशकांशी व्यवहार करू लागला. बाखने १७३० मध्ये लाइपत्सिगहून मित्राला लिहिलं की इथे हवा चांगली असली की अंत्यविधी कमी होतात, त्यांच्या संगीताचे पैसे बुडतात आणि माझी मिळकत बसते. तीन उमरावांनी १८०९ मध्ये बीथोवनला वर्षाला ४००० गुल्डन द्यायचं कबूल केलं. पुढे चलन घसरलं, एक उमराव घोड्यावरून पडून गेला, तर पठ्ठ्याने पैशांसाठी वारसांना कोर्टात खेचलं. आता सांगा, पैशाचं न बोलणारा खरा कलावंत यातला कोण?

आणि पियानोवादक क्लारा शूमान. नवरा १८५४ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात गेला, पदरात सात मुलं. तिने संगीताचे दौरे केले, इंग्लंडपर्यंत, वर्षानुवर्षं. तिला कोणी ‘साधना कर, मानधनाचं काय’ म्हटलं असतं तर तिने काय उत्तर दिलं असतं, हे मला ऐकायला आवडेल.

आपल्याकडचंच घ्या. विष्णु दिगंबर पलुस्करांनी संस्थानिकांचा आसरा सोडून तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, १९०१ मध्ये लाहोरला विद्यालय काढलं. अल्लादिया खाँसाहेबांमागे कोल्हापूरचे शाहू महाराज होते. म्हणजे पैसे कोणीतरी मोजतच होतं. आज महाराज नाहीत, तर सोसायटीने मोजावेत. क्लबहाउसच्या टाइल्सना कंत्राटदार आगाऊ घेतो, तेव्हा कोणी ‘खरा गवंडी’ काढत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, वर ‘इथे असं चालत नाही’ हेही ठोकून दिलं. इथे होनोरारनोट, म्हणजे मानधनाचं बिल, पाठवायची, महिन्यात पैसे खात्यात. मोडलं तर युनियन.

वहिनीने विचारलं, ‘तुला किती मिळतात गं?’

तेवढंच उत्तर मी दिलं नाही. बॅले स्कूलमध्ये प्लिएसाठी, म्हणजे गुडघे वाकवायच्या सरावासाठी, तासावर पियानो वाजवते, दुपारी शेजारपाजारच्या मुलांना शिकवते, एस.व्ही.एस.चा, म्हणजे स्वतंत्र काम करणाऱ्यांच्या सरकारी विम्याचा, हप्ता भरते. पुण्यात इंजिनियर, तसे या गावात पियानोवादक. शूबर्ट मी मनासारखा वाजवते, पण रात्री दहाच्या आत आणि स्वतःच्या घरी. कुठे ओळख झाली की समोरचा हमखास म्हणतो, ‘भारतीय? मग सतार?’ आणि पुण्यात आले की आत्या म्हणते, ‘तुमचं ते परकं संगीत छानच असतं, पण डोळे मिटत नाहीत बाई.’

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मात्र मी दरवर्षी वाजवते. अथर्वशीर्ष झालं की वीस मिनिटं, मोदकांच्या आधी. मागच्या रांगेत मुलं खिदळत असतात, तरी कोणीतरी ‘आपली’ म्हणून ओळख करून देतं. त्यांना मी होनोरारनोट कधी पाठवलेली नाही, पाठवणारही नाही. त्या गायिकेने अशी सूट द्यावी असं मी म्हणणार नाही. ती कोथरूडचीच आहे, तिला कोणी ‘आपली’ म्हणावं यासाठी काही फुकट द्यायची गरज नाही.

मामाने सगळं वाचलं असावं, कारण रात्री फक्त मला मेसेज आला, ‘गायिकेचे निम्मे पाठवले. तू दिवाळीत येतेस का? क्लबहाउसमध्ये पियानो नाही, कॅसिओ आहे. मानधनाचं काय ते सांग.’

मी विमानाचं भाडं बघितलं, आणि कॅसिओ चालेल म्हणून कळवलं. मानधनाचं काही लिहिलं नाही.