चक्कर आली की मानेला पट्टा? आधी कान तपासा

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: 'वारंवार चक्कर येते म्हणजे मानेचे मणके झिजलेत. पट्टा लावा, कानात कोमट तेल सोडा, चक्करची गोळी रोज घ्या. तपासणीत कारण सापडलं नाही, तर ते टेन्शनचं.' हे ऐकून माणसं कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचीच राहतात.

आधी मान. पन्नाशीनंतर बहुतेकांच्या मानेच्या एक्स-रेत थोडीफार झीज दिसतेच; चक्कर न येणाऱ्यांच्याही. घर गरागरा फिरवणारी चक्कर बहुतेकदा आतल्या कानातली असते. कूस बदलताना काही सेकंद येते ती कानातले कॅल्शियमचे कण जागचे हलल्यामुळे. डॉक्टर डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते परत जागी नेतात. मेनियर या आतल्या कानाच्या आजारातली चक्कर वेगळी. ती २० मिनिटांपासून १२ तासांपर्यंत चालते, उलट्या होतात, आणि बहुधा एकाच कानाला दडे बसतात, कान घुमतो, ऐकू कमी येतं. अटॅक ओसरला की सुरुवातीला ऐकू येणं सुधारतं, म्हणून कानाचा विषय मागे पडतो. पुढे तेच बहिरेपण कायमचं होत जातं. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, केला तर आधी खर्जातले आवाज गेलेले दिसतात. मानेच्या एक्स-रेत हे कुठून दिसणार?

तेल आतल्या कानापर्यंत पोचतच नाही, मध्ये पडदा आहे. पडद्याला भोक असेल तर मात्र जंतुसंसर्गाचा धोका.

प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन या गोळ्या अटॅकच्या दिवशी उपयोगी आहेत. महिनोन्महिने घेतल्या तर मेंदूचं तोल सावरायला शिकणं मंदावतं, आणि वयस्कर माणसांना हात थरथरणं, चाल मंदावणं असा पार्किन्सनसारखा त्रास होऊ शकतो. आईवडिलांच्या औषधाच्या डब्यात अशी पट्टी असेल, तर ती डॉक्टरांना दाखवा.

टेन्शनचा मुद्दा सगळ्यात जास्त दुखावणारा. अशी चक्कर मेंदूत रक्त साचल्याने येते असं समजून पूर्वी रुग्णाचं रक्त काढत. ती कानातून येते, हे फ्रेंच डॉक्टर प्रॉस्पर मेनियर यांनी १८६१ साली पॅरिसमध्ये मांडलं. १९३८ साली लंडनमध्ये हॉलपाइक आणि केर्न्स या डॉक्टरांना मेनियरच्या मृत रुग्णांच्या आतल्या कानात द्रवाने फुगलेल्या पोकळ्या दिसल्या. द्रव का साचतो, हे अजून पक्कं कळलेलं नाही. पण कारण न कळलेला आजारही आजारच असतो. पुढचा अटॅक जिन्यावर आला तर, या भीतीत जगणाऱ्याला टेन्शन येणारच. ते आजारामुळे आलेलं असतं.

आणि चक्करेसोबत बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, हातपाय लुळा पडला किंवा उभंच राहता येईना, तर कान-मान काही न बघता थेट हॉस्पिटल गाठा.