पेन्शनर्स कॉलनी, मुक्काम पोस्ट पेण

साहेबांचा हुकूम असा: दिवाळीच्या फराळाचे डबे ग्राहकांना पाठवायचे. पत्त्यात पिनकोड असेल तर त्यावरून कुरिअरचं केंद्र शोधा, नसेल तर पत्त्यात केंद्राचं नाव सापडतंय का बघा. म्हणजे डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत, ग्राहक आणि केंद्रांच्या याद्या जोडणाऱ्या जॉइनच्या ऑनमध्ये (जोडायच्या अटीत) केस (असेल-नसेलचा फाटा), एल्समध्ये (नसेल तर) लाइक आणि नावाच्या दोन्ही बाजूंना टक्का: मागेपुढे काहीही असो, नाव पोटात सापडलं की जुळलं. हे अंगाशी येईल असं मी सांगितलं होतं. "एकाच ओळीचं तर काम आहे," साहेब म्हणाले. यादी छापून आली आणि बोलणी मात्र मी खाल्ली.

अकाउंट्समधून निवृत्त झालेले काका यादी घेऊन माझ्या टेबलावरच बसले. पत्ते आणि केंद्रांची नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये, सगळी कॅपिटल अक्षरांत. काका राहतात नाशिकच्या पेन्शनर्स कॉलनीत, पिनकोड लिहिलेला नाही.

"नाशिक ठीक आहे. हे पेण कुठून आलं?"

"काका, पेन्शनर्समध्ये पी-ई-एन येतं."

"आणि सायन?"

"त्याच्याच पुढे. एस-आय-ओ-एन."

काकांनी खिशातून पेन काढलं, यादीच्या पाठीवर अक्षरं लिहून उभ्या रेघा मारल्या. बराच वेळ बघत राहिले. "मग हे ई-आर-एस उरलं, ते कुठलं गाव?"

"ते केंद्र अजून उघडलेलं नाही."

"पण पेणला माझा साडू असतो, हे याला कसं कळलं रे? राहू दे. तिन्ही डबे राहू दे."

बाकीच्यांचे साडू इतके सोयीचे नव्हते. वाईच्या केंद्राने सवाई माधोपूर घेतलं, कुवेतचा एक ग्राहकही घेतला, कारण त्या स्पेलिंगच्या पोटातही वाई आहे. एका केंद्राचं नाव रिकामंच होतं. दोन टक्क्यांच्या मधे काही नसलं की सगळंच जुळतं, त्यामुळे पिनकोड नसलेला एकूण एक ग्राहक त्याच्या पदरात. काकांची चौथी, बिननावाची ओळही त्यातलीच. तिथे नल (म्हणजे 'माहीतच नाही' अशी खूण) असता तर आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसने निदान त्याला तरी गप्प बसवलं असतं. शिवाय सुरुवातीलाच टक्का असला की साधा इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून केलेली सूची) कामाचा नाही. प्रत्येक पत्ता प्रत्येक केंद्राशी ताडून बघा. त्यात सर्व्हर बसला, तोही माझ्याच नावावर.

देशात पिनकोड १९७२ पासून आहे. आमच्या फॉर्मात मात्र तो सक्तीचा नाही. ग्राहक कंटाळतो म्हणे. शब्दाची हद्द बघणारा रेजेक्स (मजकूर शोधायचा साचा) लावतो, म्हणजे पेन्शनमधून पेण तरी सुटेल, असं मी म्हटलं. साहेब म्हणाले, "एवढं कशाला? डिस्टिंक्ट लाव." डिस्टिंक्ट हुबेहूब सारख्या ओळीच गाळतं. काकांच्या चारही ओळींत केंद्र वेगळं, डिस्टिंक्ट कपाळ काढणार? तरी लावलं. काका चारही ओळींत शाबूत आहेत, आणि साहेबांच्या मेलमध्ये "काम पूर्ण" असं लिहून गेलंय.